राहून गेलेला ‘ॲट’

सुंदराबाईंनी मोबाईल गुळाच्या डब्याला टेकवून उभा केला, पदर सारखा केला आणि पडद्याच्या अगदी जवळ तोंड नेलं.

“मैना, लुक मी! लुक मी!”

पलीकडे ह्यूस्टनमधल्या एका पलंगावर सहा वर्षांची मैना उड्या मारत होती. तिनं नव्या मोज्यातला पाय कॅमेऱ्यासमोर धरला आणि ती ओरडली, “आजी, लुक मी!” मग दोघीही हसत सुटल्या.

शेजारच्या ज्योत्स्नाबाई विरजण मागायला आल्या होत्या. हातातली वाटी तशीच धरून त्या दारात थांबल्या. इथे रविवारची सकाळ होती, तिथे शनिवारची रात्र. दर आठवड्याला सुंदराबाईंचा मुलगा अनुप आपल्या मुलीच्या हातात फोन देऊन भांडी घासायला निघून जायचा आणि आजी-नात अर्धा अर्धा तास बोलत बसायच्या. अनुप आणि त्याची बायको दिवसभर कामावर, मैना आधी पाळणाघरात, मग शाळेत. तिच्या तोंडी मराठी बसलीच नाही. सुंदराबाईंनी मात्र अकोल्याच्या सरकारी दवाखान्यात आया म्हणून नोकरी करताना डॉक्टरांचं जेवढं इंग्रजी कानावर पडलं, तेवढ्यावर नातीशी संसार मांडला होता. ‘यू ईट?’ ‘आय वेट यू.’ ‘कम माय हाऊस.’ मैनाला सगळं कळायचं. तीही आजीशी तसंच बोलायची, फक्त आजीशी.

ज्योत्स्नाबाईंनी उभा जन्म अमरावतीच्या शाळेत इंग्रजी शिकवण्यात घालवला होता. निवृत्त झाल्यापासून त्यांच्याकडे कुणी काही विचारायला येत नव्हतं. फोन बंद झाल्यावर त्या सहज म्हणाल्या, “सुंदराबाई, ‘लुक मी’ नाही म्हणत. ‘लुक ॲट मी’. तुमचा ‘ॲट’ राहून गेला.”

सुंदराबाईंना राग आला नाही. उलट त्यांनी चहा टाकला.

“मंग शिकवा नं मॅडम मले. पोरीची शाळा आहे, तिनं माह्यापासून चुकीचं नाही शिकलं पाहिजे.”

अशी शिकवणी सुरू झाली. रोज दुपारी सुंदराबाई मेथी निवडत बसायच्या आणि ज्योत्स्नाबाई समोर खुर्ची टाकून सांगायच्या. ‘लुक’ला ‘ॲट’ लागला तर पाहणं, ‘फॉर’ लागला तर शोधणं, ‘आफ्टर’ लागला तर सांभाळणं. ‘वेट’ला ‘फॉर’ हवा, ‘लिसन’ला ‘टू’. सुंदराबाईंना आधी याचं हसू यायचं. आमच्या बोलीत एका ‘ले’त भागते, त्या म्हणायच्या, मले पाह्य, मले सांग, मले दे, मले भेव वाटते. इंग्रजांना एवढे कशाला लागतात? ज्योत्स्नाबाईही हसायच्या, आणि मग पुन्हा विचारायच्या, भीती वाटते तेव्हा काय लागतो? ‘ऑफ’, सुंदराबाई उत्तर द्यायच्या. उत्तर बरोबर आलं की ज्योत्स्नाबाईंना जुन्या वर्गात उभं असल्यासारखं वाटायचं. घरी परतताना त्यांची चाल बदललेली असायची.

रविवारी आता त्याही फोनशेजारी येऊन बसू लागल्या. सुंदराबाई एकेक वाक्य जुळवून बोलायच्या. बोलण्याआधी नजर वर आढ्याकडे जायची, मग ज्योत्स्नाबाईंकडे. त्यांची मान हलली, की वाक्य बाहेर पडायचं.

“मैना, आय वॉज वेटिंग फॉर यू.”

वाक्य अगदी चोख असायचं. मैना ‘ओके’ म्हणायची. थोडा वेळ ती पडद्यात दिसायची, मग नुसता पलंग दिसायचा. फोन लवकर संपू लागला. पोर मोठी होत आहे, असं सुंदराबाई म्हणाल्या. ज्योत्स्नाबाईंनाही ते पटलं, किंवा त्यांनी पटवून घेतलं.

मग एका रविवारी ज्योत्स्नाबाईंना चांदूर बाजारला एका लग्नाला जावं लागलं. संध्याकाळी परत आल्या तर सुंदराबाई फाटकाशी वाट पाहत उभ्या होत्या.

“आज मैना तिच्या बापाले काहीतरी विचारून राहिली होती. मले वाटते, माह्याबद्दल. ‘इज आजी मॅड ॲट मी’, असं म्हने. ‘ॲट’ तर बरोबर लावला तिनं. पण मॅड म्हणजे पागलच नं, मॅडम? मी पागल झाली म्हन्ते का?”

ज्योत्स्नाबाईंनी पिशवी खाली ठेवली.

“नाही. तिकडे मॅड म्हणजे रागावणं. आजी माझ्यावर रागावली आहे का, असं विचारत होती ती.”

सुंदराबाईंनी फाटकाची कडी उगीच लावली, काढली.

“मी काहून रागवीन तिच्यावर?”

त्या आठवड्यात शिकवणी झाली नाही. ज्योत्स्नाबाईंनीच सांगितलं, सोडून द्या ते सगळं, आधी बोलत होतात तसंच बोला. सुंदराबाईंनी मान डोलावली. पण दोन दिवसांनी कपडे वाळत घालताना त्या म्हणाल्या, “आता ते येतच नाही, मॅडम. तोंड उघडलं का आधी तुमचं बरोबर येते. मंग वाटते, हे तरी बरोबर आहे का. अन् मंग काहीच येत नाही.”

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. ज्योत्स्नाबाईंना तेच जड गेलं.

पुढच्या रविवारी त्यांनी जायचं नाही असं ठरवलं होतं. हातात वर्तमानपत्र घेऊन त्या ओट्यावर बसल्या. थोड्या वेळानं सुंदराबाईंनी भिंतीवरून हाक मारली. त्यांच्या हातात चालू फोन होता.

“तुमी सांगा तिले, मी रागावली नाही म्हणून. दुसरं काही चुकलं तर चुकू द्या. पण याच्यात मले चूक नाही पाहिजे.”

ज्योत्स्नाबाई त्यांच्या घरात गेल्या आणि फोनसमोर बसल्या. मैनानं त्यांच्याकडे अनोळखी माणसाकडे पाहावं तसं पाहिलं. ज्योत्स्नाबाईंनी स्वच्छ, बिनचूक इंग्रजीत सांगितलं की आजी तुझ्यावर मुळीच रागावलेली नाही, तिचा तुझ्यावर फार जीव आहे. मुलीनं सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “देन व्हाय डझन्ट शी टेल मी?”

मागे उभ्या असलेल्या सुंदराबाई ओला हात पदराला पुसत होत्या. “काय म्हन्ते?”

“तूच का सांगत नाहीस, असं विचारते.”

ज्योत्स्नाबाई उठल्या. सुंदराबाईंना दंडाला धरून त्यांनी आपल्या जागी बसवलं आणि मागे न पाहता त्या बाहेर आल्या. ओट्यावर त्यांनी चपला घातल्या. त्या फाटकापर्यंत पोचल्या तेव्हा सुंदराबाईंचा आवाज आला.

“नाही व माय. मी नाही रागावली तुह्यावर. तुह्यावर कोन रागवीन?”

एकदा बोलून त्या थांबल्या नाहीत. मोज्यांबद्दल बोलल्या, जेवलीस का विचारलं, मागे तेल्हारा गावातल्या जुन्या घरी मांजर व्यालं होतं ते सांगत सुटल्या, सगळं वऱ्हाडीतच. मग आवाज थांबला. पलीकडून मैनाची हाक आली.

“डॅडी, व्हॉट इज शी सेइंग?”

ज्योत्स्नाबाईंना ते दोन वाक्यांत सांगता आलं असतं. त्यांचा हात कडीवर होता. अनुप जवळपास असावा, त्यानं ऐकलेलं असावं, तोच तिला सांगेल, असं मनाशी म्हणत त्या तिथेच उभ्या राहिल्या.