नाकाला मार्क नसतात

नर्सचा निकाल तिसऱ्यांदा आला आणि तिसऱ्यांदा इंग्रजी बोलण्याच्या परीक्षेत नऊपैकी साडेसहावरच अडकला. परदेशातल्या इस्पितळाला सात हवे होते, आणि तिच्यासाठी राखलेली जागा दोन महिन्यांतच दुसरीला जाणार होती. क्लासात तिने गोऱ्यांसारखं नाकातून इंग्रजी बोलायचा सराव केला होता, उत्तरंही घोकली होती. घरी स्वतः नाकातून इंग्रजी झाडणारा दीर तिच्या साध्या इंग्रजीची नक्कल करून सगळ्यांना हसवायचा. आपली जीभच जड आहे, असं आता तिलाही वाटू लागलं होतं. ही अशी गंमत आपल्या किती घरांत रोज चालते!

वॉर्डात पाय प्लास्टरमध्ये घालून एक निवृत्त शिक्षिका पडून होत्या. सगळे त्यांना मास्तरीणबाई म्हणत. अशाच परीक्षांत त्या बारा वर्षं परीक्षक होत्या. नर्सची रडकथा ऐकून त्यांनी एका कागदावर चार रकाने आखले आणि वॉर्डातल्या कामाबद्दल इंग्रजीत विचारलं. नर्स नाकात बोलू लागली आणि दुसऱ्याच वाक्याला अडखळली. तेवढ्यात शेजारचं सलाईन संपत आलं. बाटली बदलता बदलता तिने नेहमीच्या सुरात, इंग्रजीतच, सगळं सांगून टाकलं.

मास्तरीणबाईंनी कागद तिच्यापुढे धरला.

"ओघ, शब्द, व्याकरण, उच्चार. चारही गोष्टींचं वजन सारखं, मग सरासरी. उच्चारात एवढंच बघतात, की समोरच्याला नीट कळलं का. नाकाला मार्क नसतात गं! उसन्या सुरापायी तुझा ओघ तुटतो, आणि घोकलेलं उत्तर तर परीक्षक लगेच ओळखतो."

नर्स हसली. मग रोज दुपारी गोळ्या देताना त्या दोघींची इंग्रजी गप्पाष्टकं रंगू लागली.

चौथ्या वेळी ती परीक्षकासमोर बोलली ती पेशंटशी बोलावं तशी. निकाल आला. साडेसात! जागा तिचीच झाली. मास्तरीणबाईंनी कुबडी आपटून अख्खा वॉर्ड जागा केला.

घरी दीर बराच वेळ घुटमळत राहिला.

"वहिनी, चुकलो मी. पुढच्या महिन्यात माझी इंग्रजीतून मुलाखत आहे. शिकवाल?"

"शिकवते की. आधी नाक मोकळं सोडा, भावजी."

त्या दिवसापासून त्या घरात नकला बंद झाल्या. मंडळी, भाषा समोरच्याला कळावी म्हणून असते. ज्याला आपलं म्हणणं नीट सांगता येतं, त्याने आपल्या सुराची लाज बाळगू नये आणि दुसऱ्याच्या सुराला कुणी हसू नये.