खुळखुळत नव्हतो, तीच माझी फुशारकी

मी बेअरिंग बोलतोय. रॉकेट आभाळात जातं ते माझ्याच जिवावर. म्हणजे, गेलं असतं तर. मी चाचणीच्या पंपातच अडकून बसलो, जमिनीवर, सगळ्यांच्या देखत.

माझं घराणं पोलादाचं. दोन कड्या आणि मध्ये गोळ्यांची रांग. रॉकेटचं इंधन ढकलणाऱ्या पंपाचा दांडा भोवऱ्यासारखा फिरू द्यायचा, एवढंच काम. पण ते इंधन इतकं गार, की तेल घातलं तर त्याचा दगड होईल. म्हणून आम्ही कोरडेच. पंपातला गार द्रव अंगावरून वाहतो, तेवढाच आम्हाला थंडावा.

मला निवडलं मामांनी. त्यांची हयात मोटारींच्या गॅरेजात गेली, तिथं खुळखुळणारं बेअरिंग म्हणजे झिजलेलं. पंप बनवणारी इंजिनिअर त्यांची सख्खी भाची, तिनंच शब्द टाकून त्यांना जुळणीच्या कामावर आणलं. तिनं बजावलं होतं, "मामा, जरा ढिलंच बेअरिंग घे हं." मामांनी मान डोलावली आणि ट्रेमधलं एकेक बेअरिंग कानाशी धरून हलवलं. माझे भाऊ खुळखुळले. मी घट्ट, गप्प.

"हा खरा गुणाचा," मामा म्हणाले. भावांकडे बघून मी काय मिरवलो!

पंप सुरू झाला. थंडीनं बाहेरची कडी आक्रसली, घासून घासून आतली तापली, गोळ्या फुगल्या. अंग चोरायलाही जागा उरली नाही. अंगावरच्या द्रवाची वाफ झाली, तसा मी आणखीच तापलो. सगळं गारठलेलं आणि मला एकट्याला ताप. जागीच आवळलो, दांडा खरवडून निघाला.

आता भाचीच्या टेबलावर पडून असतो, निळाकाळा. येईल तो बोटानं फिरवून बघतो, मी ढिम्म. तोंड लपवावं म्हटलं तर गोल अंगाला पाठ कुठली?

आज दुसऱ्या पंपाची जुळणी. मामा ट्रे घेऊन आले, माझ्याकडे न बघता म्हणाले, "बेअरिंगच खराब निघालं गं. साहेबांना तसंच सांग."

लाज वाटली ती याची, की ते ऐकून मला बरंच वाटलं. मामा सुटले, आणि मुळातच खराब ठरून मीही सुटलो.

तेवढ्यात मामांनी ट्रेमधल्या माझ्या एका भावाला उचलून कानाशी हलवलं. भावा, तू तरी खुळखुळ रे. माझ्यासारखा शहाणपणा करू नकोस.

भाचीनं मला उचलून मामांच्या पुढ्यात ठेवलं.

"सांगते की, बेअरिंग खराब होतं म्हणून. मग ते हातातलं खुळखुळतंय का, हे कानाशी धरून कशाला बघतोयस, मामा?"