माझ्या पोटातलं लिंबू

पाय आखूड, पोट मोठं आणि तोंड लहान, असा मी काचेचा एक पेला आहे. व्हिस्की पिण्यापेक्षा हुंगण्यासाठी मला घडवलं गेलं. म्हणून वयाने मोठ्या झालेल्या मित्रांनो, ही हकीकत तुमच्यासाठी. लहानग्यांनी अजून काही वर्षं दम धरावा. मी कुठं पळून जात नाही.

वितळलेल्या काचेचा लालभडक गोळा नळीच्या टोकाला घेऊन एका कारागिराने फुंकर घातली, तेव्हा मला पोट आलं. मग त्याने मला भट्टीशेजारी सावकाश थंड होऊ दिलं. घाईने थंड केलेली काच आतून ताणलेली राहते आणि एखाद्या दिवशी काही कारण नसताना तडकते. माझ्या पोटात पसरलेला वास वर चढताना अरुंद तोंडाशी गोळा होतो आणि नाकाला नीट सापडतो. माझं सगळं कौशल्य एवढंच.

आम्ही सहा भावंडं एका दारूच्या दुकानात आलो. पाच जण एकेक करून फरशीला मिळाले. मी उरलो आणि काउंटरवर मानाच्या जागी उभा राहिलो. दुकानाच्या मालकांना सगळे काका म्हणत. ते रोज सकाळी मला स्वतः धूत, पुसत आणि उजेडात धरून बघत. "काच कशी, बोलली पाहिजे!" असं म्हणत. गिऱ्हाइकंही माझी चमक वाखाणत. मला फार बरं वाटे.

मग काकांची पुतणी दुकानात आली. ती पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला होती. ती प्रयोगशाळा बंद पडली. काकांचे गुडघे दुखत होते आणि काउंटरवर उभं राहायला कुणीतरी हवंच होतं.

"काका, काउंटर मला द्या," ती म्हणाली.

"तू? तुला माल्ट आणि मिरची यांत फरक कळतो का?"

"नाही. शिकेन."

काकांनी फळीवरून चार बाटल्या काढल्या. चारही सिंगल माल्ट स्कॉच, म्हणजे मोड आणलेल्या सातूपासून बनवलेल्या आणि प्रत्येक बाटली त्या त्या एकाच दारूभट्टीतली. "नवखं गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, पहिली कोणती घेऊ? यातली एक तू निवड. शनिवारी नाकवाले ती हुंगतील. त्यांना पटली तर काउंटर तुझा. नाही तर मागे गोदामात खोकी मोजत बस."

नाकवाले म्हणजे दुकानाचं सर्वांत जुनं गिऱ्हाईक. अत्तराच्या धंद्यातून निवृत्त झालेले, आणि नाकाचा अभिमान नाकापेक्षा मोठा.

पुतणीने पहिला घोट घेतला आणि तिला असा ठसका लागला की डोळ्यांतून पाणी आलं. "अगं, औषध नाही ते, गटकन काय घेतेस!" काका हसले. तिने डोळे पुसले, वही उघडली आणि पुन्हा माझ्यात नाक घातलं. त्यानंतर ती थेंबाथेंबानेच चाखू लागली. रोज सकाळी दुकान उघडण्याआधी एक बाटली, माझ्यात दोन चमचे, आधी नुसती, मग पाण्याचे चार थेंब घालून. पहिल्या बाटलीत तिला धूर सापडला, दुसरीत मनुका, तिसरीत ओलं लाकूड, चौथीत मध आणि नाशपाती. आणि चारही पानांवर तिने आणखी एक शब्द लिहिला होता: लिंबू.

शुक्रवारी ती त्या शब्दाखाली रेघ मारून बसली. चार भट्ट्या वेगळ्या, पाणी वेगळं, मुरवायची पिंपं वेगळी. मग लिंबू चौघांत कसं? तिने मला रिकामाच उचललं आणि हुंगलं.

मित्रांनो, मला लाज वाटली. लिंबू माझ्यातच होतं. काकांचा भांडी घासायचा लिंबाचा साबण माझ्या आतल्या अंगाला वर्षानुवर्षं पापुद्र्यासारखा चिकटला होता. माझी चमक सगळ्यांनी पाहिली होती. रिकामा असताना वास मात्र कुणीच घेतला नव्हता.

आता पुतणीपुढे दोन वाटा होत्या. "यात लिंबू छान आहे," असं, माझ्यातल्या प्रत्येक घोटात लिंबू वाखाणणाऱ्या नाकवाल्यांच्या तालावर म्हटलं असतं तर कुठलीही बाटली चालली असती आणि काउंटर हातात पडला असता. खरं सांगितलं तर चारचौघांत काकांचं हसं होणार होतं. तिने वही मिटली. "नवख्या माणसाला साबण विकायचा नाही," ती स्वतःशीच म्हणाली.

शनिवारी काकांनी मला नेहमीसारखं धुऊन चमकवलं. नाकवाले आले.

"डोळे मिटून सांगाल?" तिने विचारलं.

"पोरी, मला डोळे लागतात कुठं!"

तिने माझ्यात काहीतरी ओतलं. नाकवाल्यांनी डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. "अहाहा! लिंबाची साल. आणि काय सौम्य! नाकाला जरासुद्धा झोंबत नाही. बारा वर्षांची तरी असणार."

"पाणी आहे ते, नळाचं," पुतणी म्हणाली.

नाकवाल्यांनी डोळे उघडून माझ्यात पाहिलं. तिने कारण सांगितलं तसे काकांचे कान लाल झाले. "म्हणजे इतकी वर्षं मी... लोकांना लिंबू लिंबू म्हणून..."

"माल खराच होता, काका. लिंबू तेवढं आपलं होतं."

तिने मला नुसत्या गरम पाण्याने तीनदा विसळलं, स्वच्छ फडक्यावर पालथं घातलं आणि पूर्ण कोरडा होईपर्यंत दोघांना थांबवून ठेवलं. मग चौथी बाटली ओतली, वर पाण्याचे चार थेंब.

नाकवाले रुसले होते, पण नाक त्यांना गप्प बसू देईना. त्यांनी बराच वेळ हुंगलं. "मध," ते हळूच म्हणाले. "आणि पिकलेली नाशपाती. हे मला याआधी कधी... मी आजवर खोटं बोलत होतो काय गं?"

"तुम्ही नाही. पेला मध्येच बोलत होता."

"आणि ती धुराची का नाही निवडलीस? जाणकार तीच मागतात."

"जाणकार मागोत. नवख्याला पहिल्या दिवशी शौर्य गाजवायचं नसतं. ओळखीचा एक वास सापडला, तर तो दुसरा शोधायला परत येईल."

नाकवाल्यांनी काकांकडे पाहून मान डोलावली. काका उठले, गुडघ्यावर हात ठेवत काउंटरच्या बाहेर आले आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला उभे राहिले. "बोला मालकीणबाई," ते म्हणाले, "मी नवखा आहे. पहिली कोणती घेऊ?"

मित्रांनो, तेव्हापासून मी पूर्वीइतका चमकत नाही. माझ्या अंगावर पाण्याचे बारीक डाग असतात आणि मला त्यांची खंत नाही. मला गरम पाणी द्या, पालथं घालून वाळवा, वास मारणाऱ्या कपाटात कोंडू नका. आणि बाटलीतलं चांगलं की वाईट हे ठरवण्याआधी, तुमचा पेला कितीही लखलखीत असो, एकदा तो रिकामाच हुंगून पाहा.