लंडनचे चार, कुवेतचे सात

कुवेतमध्ये घड्याळ कुणी मागेपुढे करत नाही. उन्हाळा असो की हिवाळा, इथले सहा ते सहाच. तरी दर ऑक्टोबरअखेर मुक्ताची संध्याकाळ कुणीतरी पळवून नेई, कारण तिच्या कंपनीचं मुख्य ऑफिस लंडनला. तिकडचं घड्याळ तासभर मागे गेलं, की त्यांची रोजची चारची ऑनलाइन मीटिंग इकडे सहाऐवजी सातला. वर इथले बॉस अरुणकुमार हसून म्हणत, "एकच तर तास आहे."

एकच तास म्हणे! वर्षातले आठ महिने बाहेर नुसती भट्टी. घराजवळच्या अहमदी भागातल्या बागेत लेझीम खेळण्याजोगी हवा असते ती नेमकी हिवाळ्यात, आणि सराव सातलाच. बायकांचं पथक मुक्ताने स्वतः उभं केलेलं, पण गेले दोन हिवाळे तीच गैरहजर. यंदा बायकांनी सांगून टाकलं होतं, म्होरकीच नसेल तर पथक मोडूया. पथकात नाचणारी तिची लेक पूर्वी एवढंच म्हणाली होती, "आई, यू नेव्हर कम." ते मुक्ताच्या काळजाला लागलं होतं.

घड्याळ मागे जाण्याआधीच्या शेवटच्या मीटिंगमध्ये लंडनकरांची आपसात जुंपली. हे घड्याळ फिरवणं बंद करावं की नाही? एकाला सकाळी उजेड हवा, दुसऱ्याला संध्याकाळी.

मुक्ताने माइक चालू केला. "घड्याळ तुम्ही फिरवता, भोगतो आम्ही. सोमवारपासून मीटिंग तुमच्या तीनला घ्या. आमच्या सातला मी येणार नाही."

मीटिंग संपताच अरुणकुमारांचा फोन आला. "काय हे, मुक्ता? तिकडे वाद चाललाय ना? त्यांचं ठरेपर्यंत जरा कळ काढा."

"सर, त्यांचं ठरेपर्यंत माझी पोरगी लग्नाला येईल."

"नोकरीवर बेतेल."

"बेतू दे."

तिने फोन ठेवला, पण शब्द काही मागे घेतला नाही.

सोमवारी सातला बागेत पथक उभं राहिलं आणि मुक्ताचा फोन वाजला. लंडन. बायकांचे हात थांबले. पूर्वीने मान खाली घातली.

मुक्ताने फोन उचलला, कॅमेरा लावला आणि तो बाकावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला.

"गुड इव्हनिंग. इथे सात वाजलेत. बघायचं तर बघा, नाहीतर उद्या तुमच्या तीनला बोलू."

मग पाठ फिरवून तिने इशारा केला. पहिल्याच ठेक्याला पूर्वी चुकली, कारण ती आईकडेच बघत होती.