शिडी धरली होती का?

फिजिक्सच्या मॅडमनी फळ्यावर सूत्र लिहिलं नाही. भिंतीला टेकलेली एक शिडी काढली.

"एक म्हातारा माळ्यावरची पेटी काढायला चढला. शिडी घसरली, खुब्याचं हाड मोडलं. त्याचा मुलगा म्हणतो, मी खाली शिडी घट्ट धरून उभा होतो. खरं असेल? लागेल ती माहिती मला विचारा."

एरवी ही मुलं सूत्रात आकडे कोंबायची आणि उत्तर आलं की मोकळी व्हायची. आज आकडेच नव्हते.  हळूहळू एकेकाला कंठ फुटला. फरशी कसली? गुळगुळीत. शिडीच्या पायांना रबर? एकाचं झिजलेलं.

उत्तर देताना मॅडमना एकदाही विचार करायला थांबावं लागत नव्हतं. मागच्या बाकावरच्या मुलीच्या ते नजरेत भरलं. सारखे प्रश्न काढते म्हणून वर्ग तिला 'शंका'च म्हणायचा.

"भिंतीवर ओरखडा उमटला असेल ना, मॅडम?"

"उमटलाय. सरळ, वरून खाली."

म्हातारा म्हणजे त्यांचेच वडील. घर विकण्यावरून धाकट्या भावाचा आणि त्यांचा अबोला होता. भावानंच शिडी ओढली, हा किडा मॅडमच्या डोक्यातून जात नव्हता. वडील मात्र एकच म्हणत, "आठवत नाही."

गटागटांत वाद झाले, खाडाखोड झाली. शेवटी शंका फळ्यापाशी आली.

"शिडी फार पसरट लावली होती. माणूस वर चढत गेला की तिचं बूड बाहेर सरकायला बघतं. इथं पाऊण उंचीवरच घर्षण कमी पडलं. ती आपोआप घसरू शकते."

"आणि कुणी सरळ ओढली असती तर?" मॅडमनी विचारलं.

"तरी ओरखडा असाच आला असता. ते नाही सांगता येणार. पण मुलगा खालच्या पायरीवर पाय रोवून उभा असता, तर ती हललीच नसती. त्यानं शिडी धरलेली नव्हती."

वर्गात कुणीतरी शिट्टी मारली. मॅडमनी घाईघाईनं फळा पुसला. तास संपल्यावर शंका दारात रेंगाळली.

"मॅडम, बाबा कसे आहेत आता?"



कॉलेजमधून त्या थेट वडिलांकडे गेल्या. भाऊ औषधाच्या गोळ्या काढत होता.

"शिडी धरली नव्हतीस ना?"

त्याचा हात थांबला. "फोन आला होता, ताई. बाहेर गेलो होतो. तू आल्या आल्या माझ्याकडे असं बघितलंस, की खरं सांगायची हिंमतच झाली नाही."

"मीच म्हटलं त्याला, जा, घे फोन," पलंगावरून वडील म्हणाले.

"तुम्हाला तर काही आठवत नव्हतं!"

"आता आठवलं." त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं.

मॅडम दोघांकडे आळीपाळीनं बघत राहिल्या. बाबा मुलाला पाठीशी घालताहेत की खरं बोलताहेत, काही कळेना. विचारून उपयोगही नव्हता.

बाबांना कुशीवर वळवायची वेळ झाली. भाऊ एकटाच त्यांच्या पाठीखाली हात घालू लागला. मॅडमचा संशय पुरता गेला नव्हता. तरी त्या उठल्या आणि दुसऱ्या बाजूला गेल्या.

"हळू, ताई. तिथं टाके आहेत."

"माहीत आहे मला," त्या म्हणाल्या.