एकेचाळिसावा पडदा

आमच्या प्रयोगशाळेतल्या, गॅस गाळणाऱ्या पातळ पडद्याचं दुखणं एकच. झिओलाइट या सच्छिद्र खनिजाची पूड आणि प्लॅस्टिक यांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. दोघांमध्ये बारीक फट राहते आणि जो गॅस अडवायचा तोच तिच्यातून निसटतो. चार वर्षं मी हेच निस्तरतेय. एकेचाळिसाव्या पडद्यात मात्र फट निघाली नाही.

"वेगळं काय केलंस?" सरांनी विचारलं.

"तीन दिवस झाकून ठेवला. सावकाश वाळला."

"शाब्बास! सुचलं कसं?"

सुचतंय कुठलं डोंबल! आई गेली म्हणून मी घरी पळाले, झाकण तसंच राहिलं. सरांना ठाऊक होतं, पण आनंदाच्या भरात विसरले. एरवी मी फाडकन बोलले असते. हल्ली मला रागच येत नाही, रडूही येत नाही.

आई गेल्यापासून धाकटा भाऊ माझ्याकडेच राहतोय, आणि त्याचं रोजचं एकच पालुपद. आई त्याच्याजवळ राहायची, त्या दिवशी तो कामावर होता, आणि तिच्या फोनवर शेवटचं नाव माझं. "काय म्हणाली गं ताई?" मी सांगायचे, नेहमीचंच रे, जेवलीस का वगैरे.

आज जेवताना तो म्हणाला, "खरं सांग. छातीत दुखतंय म्हणाली का? तू मला जपतेयस का?"

त्याचा घास हातातच होता. मला आणखी रेटवेना.

"मी फोन उचललाच नाही," मी म्हटलं. "काचेवर ओलं मिश्रण होतं, हातात पातं. ते एका दमात ओढावं लागतं. मध्ये थांबलं की वळ उठतो, आठवड्याची मेहनत पाण्यात. नाव दिसलं. म्हटलं, आईच तर आहे, करू नंतर. ओढून झालं, झाकण ठेवलं, हातमोजे काढले, मग लावला. तिनं उचलला नाही."

मला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"तो पडदा तरी नीट झाला का?"

खोटं बोलायला जीभ तयारच होती.

"झाला. आजवरचा सगळ्यात चांगला."

त्यानं मान हलवली. दोघांची ताटं उचलली, घासून पालथी घातली. हात पुसत म्हणाला, "आता नाही विचारणार मी."

आणि तो निजायला गेला. त्या एका प्रश्नाशिवाय आम्ही दोघं हल्ली काही बोलतच नव्हतो.