पहिल्या रांगेतली पाटी

मी निशिझातो अकिहो बोलतेय. म्हणजे ती स्वतः नाही, तिची पाटी. वीतभर लाकूड, त्यावर काळा रंग आणि पुढच्या अंगावर पांढऱ्या अक्षरांत तिचं नाव. आमच्या संसदेच्या कनिष्ठ सभागृहात प्रत्येक सदस्याच्या मेजावर माझ्यासारखी एकेक असते. सदस्य आला की आधी पाटी उभी करतो, मग बसतो. जाताना आडवी करतो. पाटी उभी, म्हणजे माणूस हजर. आम्हाला हे एवढंच काम आहे आणि ते आम्ही इमानेइतबारे करतो. माणसांची हमी मी देत नाही.

माझा जन्म एका पोटनिवडणुकीने झाला. नागिशिमा बेटाचे म्हातारे प्रतिनिधी वारले, आणि त्यांच्या जागी बेटावरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणारी अकिहो सत्ताधारी पक्षाच्या तिकिटावर निवडून आली. निकाल लागला, माझ्यावर रंग चढला, अक्षरं वाळली आणि मी मेजावर आले. पहिल्या दिवशी तिने मला दोन्ही हातांनी उभं केलं, जणू मी काचेची आहे.

आमची जागा अगदी पुढे, व्यासपीठाच्या पायथ्याशी होती. पुढची रांग मानाची, असं तिला वाटलं असावं, कारण ती शेजारच्या कांबे शिंगोला म्हणाली, "नवीन माणसाला इतकी चांगली जागा?"

कांबेही पहिल्याच खेपेचा. मात्र त्याचे वडील आणि आजोबा दोघेही याच सभागृहात बसलेले, त्यामुळे त्याला इथली रीत पाळण्यातच कळली होती.

"चांगली?" तो हसला. "अहो, इथे नवखे पुढे आणि मुरलेले मागे. शेवटच्या रांगेत ते मुकासा-सेन्सेई दिसतात ना, दहा वेळा निवडून आलेत. त्यांना डुलकी लागली तर कोणाला दिसत नाही. आपल्याला लागली तर टीव्हीवर सासूला दिसते."

"मग आपण करायचं काय?"

"टाळ्या. आपला माणूस बोलला की टाळ्या, विरोधक बोलला की आरडाओरडा. तुमचा आवाज वर्गात कमावलेला आहे. नाव काढाल."

तेव्हापासून मी त्या एका आकड्याचं राज्य बघत आले. इथे वय मोजत नाहीत. सेवेची वर्षं मोजत नाहीत. काम तर नाहीच नाही. किती वेळा निवडून आलात, बस्स. दोन-तीन खेपा झाल्या की छोटंसं पद, पाच-सहा झाल्या की मंत्रिपदाच्या रांगेत. मग शेतीतलं काही कळत नसलं तरी शेतीखातं मिळतं, कारण पाळी आलेली असते. लिफ्टमध्ये आधी कोण शिरणार, जेवणाला बसताना दारापासून लांबची जागा कोणाची, कोणी कोणाच्या पेल्यात साके ओतायची, सगळं त्या आकड्यावर. मेजावर पडल्या पडल्या मी या गोष्टी इतक्यांदा ऐकल्या आहेत की मला शिसारी आली आहे.

अकिहो मात्र आकडा वाढवायला आली नव्हती. नागिशिमाच्या रुग्णालयातला प्रसूती विभाग मार्चअखेर बंद होणार होता. तो बंद झाला की बेटावरच्या बाईने दिवस भरायच्या आधीच समुद्र ओलांडायचा, पलीकडे भाड्याने खोली घ्यायची आणि एकटीने कळांची वाट बघायची. हिवाळ्यात समुद्र खवळला की बोटीच सुटत नाहीत. तिची एक जुनी विद्यार्थिनी, सायोको, डॉक्टरची रजा चालू असताना बोटीतच बाळंत झाली होती. बाळ-बाळंतीण वाचली, पण त्यात कोणाचंच श्रेय नव्हतं. हा विभाग बंद होऊ द्यायचा नाही, एवढं एकच वचन देऊन अकिहो निवडून आली होती.

त्यासाठी तिला सभागृहात बोलायला वेळ हवा होता. पक्षाच्या वाट्याचा वेळ मुकासा वाटायचे. एक दिवस ते आमच्या मेजाजवळून जात असताना तिने त्यांना 'सेन्सेई', म्हणजे गुरुजी, अशी हाक मारून थांबवलं.

"किती वेळा निवडून आलात आपण?" त्यांनी विचारलं.

"एकदा, सेन्सेई. आपल्याला माहीत आहे."

"मला माहीत आहे. तुम्हाला माहीत आहे का, ते बघत होतो." ते मऊ आवाजात म्हणाले. "तिसऱ्या खेपेला या. तेव्हा वेळ मागावा लागणार नाही."

"तोपर्यंत प्रसूती विभाग राहणार नाही."

"मग दुसरा प्रश्न मिळेल. प्रश्नांना काय तोटा? मीही तुमच्याच रांगेत बसून टाळ्या वाजवल्यात. तळहात लाल व्हायचे. बायको म्हणायची, संसदेत जाता की कपडे धुवायला?"

मी हे ऐकलं आणि मला राग आला, पण मुकासांचा नाही. माणूस वाईट नव्हता. त्यांनाही कधीतरी काहीतरी विचारायचं असणार. एकेक रांग मागे सरकता सरकता ते काय होतं, हेच ते विसरून गेले असावेत. ज्येष्ठता हीच जर असेल, तर ती मला नको.

पुढे लहान रुग्णालयं मोठ्यांत विलीन करण्याचं विधेयक मतदानाला आलं. नावानिशी मतदान असलं की सभागृहाची दारं लावून घेतात आणि प्रत्येक जण आपल्या नावाची लाकडी चकती घेऊन व्यासपीठावर जातो. पांढरी म्हणजे होय, निळी म्हणजे नाही. अकिहोने निळी उचलली.

कांबे कुजबुजला, "अहो निशिझातो-सान, पांढरी. आपला पक्ष पांढरी टाकतोय."

"बघितलंय मी."

"तिकीट जाईल."

"जाऊ दे. ते बेटावर बोटीचं तिकीट म्हणूनसुद्धा चालत नाही."

विधेयक अर्थात मंजूर झालं. तिच्या एका चकतीने काही थांबलं नाही. पक्षाने तिला काढून टाकलं, आणि ज्या लोकांना ती बसल्या जागेवरून वाकून नमस्कार करायची, ते तिच्याकडे न बघता जायला लागले.

थोड्याच दिवसांत पंतप्रधानांनी सभागृह विसर्जित केलं. अध्यक्षांनी घोषणा वाचताच सगळ्यांनी दोन्ही हात वर करून 'बान्झाई' असा जयघोष केला. एकदा, दोनदा, तीनदा. या क्षणी या सगळ्यांची सदस्यत्वं गेलेली असतात, आणि हे जल्लोष करतात. आजवर मला याचं कारण कळलेलं नाही. अकिहोने हात वर केले नाहीत. तिने मला आडवं केलं, अंगठ्याने माझ्यावरची धूळ पुसली आणि ती निघून गेली.

मग अंधार. एका पेटीत आम्ही सगळ्या पाट्या, दहा खेपांच्या आणि एका खेपेच्या, एकीवर एक. पेटीत पुढची रांग, मागची रांग काही नसतं. ते दिवस मला आवडले, पण आम्ही सगळ्या एकाच विचारात होतो. आपलं माणूस परत येतंय का?

माझं आलं. पक्षाने तिच्याविरुद्ध तगडा उमेदवार दिला होता, तरी ती काठावर का होईना, पण अपक्ष म्हणून निवडून आली. एका वर्षात दोन खेपा. कांबेही निवडून आला होता. भेटला तेव्हा म्हणाला, "माझ्या काकांनी पहिल्या खेपेत पूर्ण चार वर्षं घासली, आणि मोजणीत ते एकच. तुम्ही वर्षात दोन. असा हिशेब ठेवणाऱ्यांना तुम्ही गणित का शिकवत नाही?"

"मी जीवशास्त्र शिकवते," अकिहो म्हणाली. "त्यात जे हलत नाही, ते मेलेलं असतं."

आता आमची जागा कडेला, अपक्षांच्या कोपऱ्यात होती. चार अपक्षांनी मिळून एक छोटा गट केला, म्हणजे बोलायला थोडा तरी वेळ मिळतो. गटातले ओगाता सात खेपांचे. वेळ मिळाल्यावर तेही म्हणाले, "पद्धतीप्रमाणे पहिला मी बोलेन."

"ओगाता-सान, तुमचा प्रश्न रेल्वेचा आहे. तो एप्रिलमध्येही तसाच राहील. माझा मार्चनंतर संपेल."

"पद्धत पद्धत असते, बाई."

"पद्धत आवडत होती तर त्या मोठ्या पक्षातच का नाही थांबलात?"

ओगाता हसून म्हणाले, "घरी माझी मुलगीही असंच बोलते. जा, बोला."

तिचं भाषण शेवटी होतं. आधी मोठे पक्ष, त्यांत मोठ्या खेपांचे लोक. तिचं नाव पुकारेपर्यंत अर्धंअधिक सभागृह बाहेर सटकलं होतं. गंमत अशी की जाताना कोणीच पाटी आडवी केली नव्हती. पाटी उभी असली की माणूस हजर दिसतो ना. मी कोपऱ्यातून बघत होते. रांगाच्या रांगा माझ्या बहिणी ताठ उभ्या, आणि त्यांच्यामागे रिकाम्या खुर्च्या. आमच्याकडून खोटं वदवून घेत होते ते.

अकिहोने कागद उघडला. दोन वाक्यं वाचली. मग मान वर केली, सभागृहाकडे बघितलं आणि कागद मिटून ठेवला.

"कांबे शिंगो-सान," ती म्हणाली.

कांबे दारात होता. तो दचकून वळला.

"आपली पाटी आपण इथे आहात म्हणते. या, बसा."

मग तिने त्याच्या शेजारच्या रिकाम्या खुर्चीचं नाव वाचलं. मग त्याच्या शेजारचं. पुढच्या रांगेपासून, नवख्यांपासून. या सभागृहात नावं पुढून मागे जाताना मी प्रथमच ऐकत होते.

"निशिझातो-कुन," अध्यक्ष म्हणाले. अध्यक्ष सगळ्यांना हेच 'कुन' लावतात, मुकासांनाही. सगळे सारखे असल्याची तेवढी एक खूण इथे उरली आहे. "विषयाला धरून बोला."

"धरूनच बोलतेय, अध्यक्षमहोदय. नागिशिमाच्या रुग्णालयातही दारावर पाटी आहे. प्रसूती विभाग. रोज दिवा लागतो तिच्यावर. आत डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो, आणि मार्चनंतर तोही येणार नाही. बाहेर पाटी आणि आत कोणी नाही, हाच माझा विषय आहे."

ती नावं वाचत गेली. बाहेरच्या ध्वनिक्षेपकांवर ती ऐकू येत होती. एकेक जण आत येऊ लागला. कोणी तोंड पुसत, कोणी फोन खिशात सरकवत, कोणी आपण इथेच होतो असा चेहरा करून. सगळ्यांत शेवटी मागच्या दारातून मुकासा आले आणि बसण्याआधी मोठ्याने म्हणाले, "कितव्या खेपेच्या आपण?"

"दुसऱ्या," अकिहो म्हणाली. "आणि सुरुवातीपासून इथेच आहे."

कोणीतरी हसलं. भरलेल्या सभागृहासमोर तिने आपला प्रश्न विचारला. हिवाळ्यात खवळणाऱ्या समुद्राबद्दल, भाड्याच्या खोल्यांबद्दल, सायोकोबद्दल. आरोग्यमंत्री उठले. सहा खेपा झाल्या म्हणून मंत्री झालेला माणूस. त्यांनी हातातला कागद वाचायला सुरुवात केली, "योग्य तो विचार करून", आणि मध्येच समोर बघितलं. सगळ्या खुर्च्या भरलेल्या होत्या. त्यांचा आवाज बदलला. "विभाग एक वर्ष बंद करणार नाही," ते म्हणाले. "या वर्षात डॉक्टर शोधू."

फक्त एक वर्ष. पण ते सर्वांदेखत मिळालं.

त्याची किंमतही वसूल झाली. सभागृहाची प्रतिष्ठा कमी केली म्हणून तिला काही आठवडे आत यायला बंदी घालण्याचा ठराव आला. पांढऱ्या चकत्यांचा ढीग झाला आणि ठराव मंजूर झाला. त्या दिवशी कांबेची पाटी आडवी होती. तो आलाच नव्हता, आणि निदान तसं त्याने दाखवलं तरी. भित्रा असेल, पण खोटा नव्हता.

आता मी आडवी पडून आहे. कोपऱ्यातून जाणारे माझ्याकडे बघून पुढे जातात. मला वाईट वाटत नाही. उभी राहून खोटं सांगण्यापेक्षा आडवी पडून खरं सांगणं मला जास्त पटतं. ओगातांनी काल शेजारच्याला सांगितलं की अकिहो बेटावर आहे, आणि देशभरातल्या डॉक्टरांना फोन करते आहे. दोघांनी नकार दिला. तिसऱ्याने बेट बघायला येतो म्हणून सांगितलं.

तुम्हीही कोणालातरी निवडून पाठवलं असेल. तो कितवी खेप करतोय, हे अभिमानाने सांगू नका. त्याच्या नावाची पाटी उभी दिसली की मागच्या खुर्चीकडे बघा, आणि ती रिकामी असेल तर त्याला नावाने हाक मारा. बंदी संपली की अकिहो येईल आणि मला उभं करेल. डॉक्टर मिळाला नसेल तर तिचा पहिला प्रश्न तोच असेल, आणि तो विचारण्यासाठी ती तिसऱ्या खेपेची वाट बघणार नाही.